डोळ्यांवरची पट्टी

आंधळी कोशिंबीर हा खेळ आपल्याकडे मुलांचा. डोळ्यांना रुमाल बांधलेल्या गड्याने हात पुढे करून चाचपडत जायचे आणि हाती लागलेल्याचे नाव सांगायचे. अमेरिकेत मात्र एकेकाळी चांगली वयात आलेली, विद्वान, नामवंत माणसे दर रविवारी रात्री साडेदहा वाजता डोळ्यांवर पट्ट्या चढवून असाच एक खेळ खेळत, आणि लक्षावधी कुटुंबे तो घरबसल्या पाहत असत. त्या खेळाचे नाव ‘व्हॉट्स माय लाइन?’, म्हणजे ‘माझा व्यवसाय कोणता?’ 2 फेब्रुवारी 1950 रोजी सी.बी.एस. या संस्थेने तो प्रथम प्रक्षेपित केला आणि 3 सप्टेंबर 1967 रोजी त्याचा निरोप घेतला. साडेसतरा वर्षांत 876 भाग झाले. त्यांतले शेकडो भाग आता इंटरनेटवर पाहावयास मिळतात. त्यामुळे ज्या पिढीने तो लहानपणी पाहिला तिला तर तो आठवतोच. परंतु तो काळ आणि तो देश यांच्याशी काडीचा संबंध नसलेल्या आपल्यासारख्यांनाही त्याची गोडी लागू शकते.

खेळ अगदी साधा होता. एक अपरिचित गृहस्थ किंवा बाई येऊन फळ्यावर खडूने आपले नाव लिही आणि सूत्रसंचालकाच्या शेजारी बसे. समोर चार परीक्षक. पाहुण्याचा व्यवसाय प्रेक्षकांना ठाऊक, परीक्षकांना नाही. त्यांनी असे प्रश्न विचारायचे, की ज्यांचे उत्तर केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ असेल. प्रत्येक ‘नाही’ला पाहुण्याच्या पदरात पाच डॉलर पडत, दहा वेळा ‘नाही’ आले की पाहुणा जिंकला. बक्षिसाची कमाल मर्यादा पन्नास डॉलर! पहिल्याच भागातली पहिली पाहुणी उपाहारगृहाच्या दाराशी लोकांच्या टोप्या सांभाळणारी एक तरुणी होती.

सूत्रसंचालक जॉन चार्ल्स डेली हा मुळात वार्ताहर. 7 डिसेंबर 1941 रोजी पर्ल हार्बरवरील हल्ल्याची आणि 1945 साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या निधनाची वार्ता रेडिओवरून देशाला सांगणारा आवाज याच माणसाचा. तोच आवाज आता एखाद्या ‘होय’मध्ये किती ‘नाही’ दडले आहे, हे लांबलचक, वळणावळणाच्या वाक्यांतून समजावून सांगे. परीक्षकांत अभिनेत्री आर्लीन फ्रान्सिस, वृत्तपत्रातील स्तंभलेखिका डोरोथी किलगॅलन आणि ‘रँडम हाऊस’चा प्रकाशक बेनेट सर्फ हे तिघे कायमचे, चौथ्या खुर्चीवर माणसे बदलत. पुरुष काळ्या पोशाखात, स्त्रिया मेजवानीला निघाल्यासारख्या. एकमेकांना ‘मिस्टर सर्फ’, ‘मिस फ्रान्सिस’ असेच संबोधायचे. जुन्या घरांत आलेल्यागेलेल्याचे जे अगत्य असे, त्याची आठवण व्हावी असा सारा थाट! ‘ती वस्तू पावाच्या डब्यापेक्षा मोठी आहे काय?’ हा स्टीव्ह अ‍ॅलनने 1953 साली विचारलेला प्रश्न तर पुढे अमेरिकनांच्या बोलण्यात म्हणीसारखा रुळला.

खरी गंमत शेवटच्या पाहुण्याची. हा ‘गूढ पाहुणा’ कोणी तरी अतिप्रसिद्ध व्यक्ती असे. म्हणून तेवढ्यापुरत्या परीक्षकांच्या डोळ्यांवर पट्ट्या येत. पहिला गूढ पाहुणा होता बेसबॉलपटू फिल रिझुटो. पुढे एलिनॉर रूझवेल्ट आल्या, वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट आले, चित्रपटांतले तर बहुतेक सारे येऊन गेले. ज्यांचा आवाज साऱ्या देशाला पाठ, ते तो बदलण्यासाठी किरट्या स्वरात बोलत, घोगऱ्या स्वरात बोलत, कोणी नुसते हुंकार भरत. 27 जानेवारी 1957 रोजी चित्रकार साल्वादोर दाली आला. त्याने जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला ‘होय’ म्हणण्याचा सपाटा लावला. तुम्ही लेखक आहात काय? होय. रंगमंचावर दिसता काय? होय. खेळाडू? तेही होय! परीक्षक चक्रावले आणि डेलीला मध्ये पडून खुलासे करावे लागले. दालीच्या मते त्यात खोटे काहीच नव्हते.

या खेळात सारेच गोड होते असे मात्र नव्हे. दिसायला नाजूक बाई आणि व्यवसाय मात्र आडदांड, या विसंगतीवर हशा पिकविण्याची युक्ती तिथे वारंवार वापरली जाई, आणि आज ती पाहताना अवघडल्यासारखे होते. बेनेट सर्फच्या कोट्याही सगळ्याच काही दाद द्याव्यात अशा नसत. असो.

पैशाच्या बाबतीत मात्र हा खेळ शहाणा निघाला. 1955 साली ‘64,000 डॉलरचा प्रश्न’ सुरू झाला आणि अमेरिकेत प्रश्नमंजूषांना धनलोभाचे वारे लागले. ‘ट्वेंटी-वन’मध्ये चार्ल्स व्हॅन डोरेन या तरुण प्राध्यापकाने 1,29,000 डॉलर जिंकले, आणि 1959 साली त्यानेच अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे कबुली दिली, की प्रश्न व उत्तरे आपल्याला आधीच पुरविली जात. त्या वादळात बडे बडे खेळ कोसळले. पन्नास डॉलरच्या खेळात लबाडी करून कोणाचे काय भले होणार? तो आपला चालू राहिला.

कार्यक्रम प्रायः थेट प्रक्षेपित होत असल्याने त्या चार खुर्च्यांचे सुखदुःख प्रेक्षकांना घरच्यासारखे कळे. विनोदी नट फ्रेड अ‍ॅलन 1954 पासून परीक्षकांत होता. 17 मार्च 1956 च्या शनिवारी रात्री न्यूयॉर्कच्या रस्त्यावर फिरत असता हृदयविकाराने त्याचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी रविवार. त्याच्या पत्नीने निरोप पाठविला, की खेळ नेहमीसारखाच व्हावा. त्याप्रमाणे तो झाला. त्याच्या जागी स्टीव्ह अ‍ॅलन बसला आणि अखेरच्या क्षणांत सहकाऱ्यांनी त्याला श्रद्धांजली वाहिली. डोरोथी किलगॅलन 7 नोव्हेंबर 1965 च्या रविवारी नेहमीप्रमाणे खेळली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या घरी मृतावस्थेत आढळली. वय 52. तिच्या खुर्चीवर पुढे पाहुणे परीक्षक बसत. कायमचे कोणी नेमलेच नाही.

याच मेजाशी आणखी एक खुर्ची रिकामी झाली होती. तिच्याबद्दल मात्र प्रेक्षकांना कोणी अवाक्षर सांगितले नाही.

लुई अंटरमायर हा कवी. आधुनिक अमेरिकन कवितेचे त्याने संपादिलेले संग्रह तिथल्या शाळा-महाविद्यालयांतून घरोघर पोचलेले. पहिल्या भागापासून तो परीक्षक होता, आणि त्याचा मिस्कील स्वभाव लोकांना आवडे. परंतु तो काळ साम्यवाद्यांचा शोध घेण्याच्या भीतीने ग्रासलेला होता. पूर्वी कधी डाव्या विचारांच्या पत्रकांवर केलेल्या सह्या उकरून काढण्यात आल्या, निषेधाची पत्रे आली, प्रक्षेपणाच्या ठिकाणी निदर्शने झाली. प्रायोजकाला घाम फुटला आणि 1951 साली अंटरमायरला वगळण्यात आले. त्याचा मित्र, नाटककार आर्थर मिलर याने 1987 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात लिहिले आहे, की त्यानंतर वर्षाहून अधिक काळ हा बोलका, हसरा माणूस आपल्या घराबाहेर पडला नाही. ज्या खुर्चीवरून त्याला उठविले तिच्यावर आला तो बेनेट सर्फ. जॉइसच्या ‘युलिसिस’वरील बंदी 1933 साली न्यायालयात लढून उठवून घेणारा प्रकाशक! सर्फने काही वावगे केले असे म्हणवत नाही; परंतु हे जाणल्यावर त्याच्या कोट्या पूर्वीसारख्या निर्मळ मनाने ऐकवत नाहीत, हेही खरे. पुढे 1961 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने, लायब्ररी ऑफ काँग्रेसने, अंटरमायरची काव्यविषयक सल्लागार म्हणून नियुक्ती केली. तोवर काळ बदलला होता.

आज जुने भाग पाहून हळहळणाऱ्यांना अंटरमायर फारसा भेटत नाही, याचे कारण मोठे विलक्षण आहे. सुरुवातीच्या भागांच्या फिती त्यांतली चांदी परत मिळविण्यासाठी नष्ट करण्यात येत. 1952 साली निर्माते मार्क गुडसन आणि बिल टॉडमन यांच्या ध्यानी ही गोष्ट आली, तेव्हा त्यांनी पदरचे पैसे भरून प्रत्येक भागाची फीत जपून ठेवण्याची व्यवस्था केली. म्हणून फ्रेड अ‍ॅलनची आणि किलगॅलनची शेकडो रविवारांची हसरी रूपे टिकली. म्हणूनच 3 सप्टेंबर 1967 चा तो अखेरचा भागही पाहता येतो, ज्यात गूढ पाहुणा म्हणून खुद्द जॉन डेलीच बसला. ठरलेला पाहुणा ऐनवेळी आला नाही तर आपणच पुढे व्हायचे, अशी त्याची इतकी वर्षे तयारी होती. पण तशी वेळ कधी आलीच नव्हती.

1952 पूर्वीचे जे भाग शिल्लक राहिले ते बोटांवर मोजण्याइतके. दैवयोगाने त्यांत 2 फेब्रुवारी 1950 चा पहिला भाग आहे. पडद्यावर सारे धूसर दिसते, खेळाची घडी अजून नीट बसलेली नाही, डेलीही जरा चाचपडतच बोलतो. परीक्षकांच्या मेजाशी एक माजी राज्यपाल, एक मनोविकारतज्ज्ञ, किलगॅलन आणि अंटरमायर बसलेले आहेत, आणि टोप्या सांभाळणारी ती तरुणी आपले नाव लिहिण्यासाठी फळ्याकडे निघाली आहे.