अक्षरी रकमेचे महत्त्व

अहिल्यानगर जिल्ह्यात ऊस वा कांद्याच्या व्यवहारात धनादेश देताना अक्षरी रक्कम अनेकदा इंग्रजीत लिहिली जाते. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १८ नुसार आकडा व अक्षरे यांत तफावत असल्यास अक्षरी रक्कमच ग्राह्य ठरते. व्यवहारात असा धनादेश बहुधा परत येतो. मराठीतील 'एकोणसत्तर' म्हणजे सत्तरला एक कमी, इंग्रजीत मात्र 'सिक्स्टी नाइन'. 'सत्तर' ऐकून 'सेव्हंटी नाइन' लिहिल्यास ६९ हजारांचे ७९ हजार होतात. 'अडीच लाख' हे 'टू लाख फिफ्टी थाउजंड' असे फोडून लिहावे व शेवटी 'ओन्ली' जोडावे. इंग्रजीची खात्री नसल्यास धनादेश मराठीतही लिहिण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली आहे.