जुनी डांबरी वाट नवी कशी करतात?

अमेरिकेत ॲरिझोना नावाचे एक राज्य आहे. त्या राज्यात फिनिक्स हे मोठे शहर आहे. हे शहर वाळवंटात वसले आहे. तिथे वर्षाचा पाऊस पडतो जेमतेम सात-आठ इंच. ऊन मात्र भरपूर. 26 जून 1990 या दिवशी तिथे पारा 50 अंशांवर गेला होता. 2023 साली 30 जूनपासून 30 जुलैपर्यंत सलग 31 दिवस पारा रोज 43 अंशांच्या वर चढत होता. आपल्या चंद्रपूर-नागपूरकडच्या लोकांना मे महिन्यातले असे ऊन ठाऊक आहे. पण महिनाभर एकही दिवस सुटका नाही, म्हणजे काय हाल होत असतील बघा!

त्या शहरात घरे लांब लांब आहेत. बहुतेक घरी मोटार आहे. मोठ्या रस्त्यापासून घराच्या दारापर्यंत मोटार आणायला प्रत्येकाची स्वतःची वाट असते. तिला ड्राइव्ह-वे म्हणतात. कोणी ती सिमेंटची करतो, कोणी डांबराची. ही वाट घरमालकाची असते. तिची डागडुजी सरकार करत नाही. ती खराब झाली की पैसा मालकाच्या खिशातून जातो. म्हणून हे काम समजून घेऊन केलेले बरे.

डांबरी थर म्हणजे काय?

डांबरी थरात दोनच मुख्य वस्तू असतात. एक खडी आणि चुरी. दुसरे डांबर. शंभर किलो मिश्रणात सुमारे पंचाण्णव किलो खडी-चुरी असते आणि पाच किलो डांबर असते. पूर्वी डांबर दगडी कोळशापासून काढत. आता रस्त्याला लागते ते डांबर खनिज तेलातून मिळते. तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतले की शेवटी जो काळा, घट्ट गाळ उरतो, तेच हे डांबर.

शेंगदाण्याची चिक्की आठवा. शेंगदाणे म्हणजे खडी. गुळाचा पाक म्हणजे डांबर. पाक गरम आहे तोवर चिक्की थापता येते, लाटता येते. पाक निवला की ती घट्ट होते. मग कितीही जोर लावा, ती दबत नाही, मोडते. डांबराचेही तसेच आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

ऊन डांबराचे काय करते?

काळी वस्तू ऊन फार शोषते. हवा 45 अंश असली तर डांबर 65 अंशांच्याही वर तापते. फिनिक्समध्ये उन्हाळ्यात माणसे चक्कर येऊन डांबरावर पडतात. तेवढ्यानेही कातडी भाजते आणि दवाखाना गाठावा लागतो.

तापलेले डांबर मऊ होते. मोटार एकाच जागी उभी राहिली की चाकाखाली खळगा पडतो. हे झाले एका दिवसाचे. वर्षानुवर्षे ऊन आणि हवा लागली की उलटे होते. डांबरातला तेलकटपणा जातो. ते कडक आणि ठिसूळ बनते. चामड्याची वहाण उन्हात पडून राहिली की वाळते, तडकते, तसेच हे. काळी वाट करडी दिसू लागते. चुरी सुटते. खडी उघडी पडते. वाळवंटात दिवस तापतो आणि रात्र गार होते. थर रोज फुगतो, रोज आकसतो. ठिसूळ थराला हे सोसत नाही. त्याला भेगा पडतात.

मग पावसाळा येतो. वाळवंटातला पाऊस थोडा असतो, पण आला की एकदम कोसळतो. पाणी भेगांतून पायात उतरते. पाया मऊ होतो. वरून मोटार गेली की थर खचतो आणि खड्डा पडतो. म्हणजे भेग पाडते ऊन, पण घात करते पाणी.

आधी नाडी बघा, मग औषध द्या

वाट खराब झाली म्हणून लगेच यंत्र बोलवायचे नसते. आधी ती नीट तपासायची.

भेगा थोड्या आणि बारीक असतील तर त्या साफ करून डांबराने भरल्या की काम भागते.

वरचा थर झिजला आहे, पण खालचा पाया भक्कम आहे, अशा वेळी वरचा थर खरवडून नवा थर घालतात. या लेखात याच कामाची माहिती आहे.

मगरीच्या पाठीसारखी भेगांची जाळी पडली असेल आणि वाट खचत असेल, तर पायाच गेला असे समजावे. तिथे नुसता वरचा थर घालणे म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा. तेवढा भाग खणून पायापासून नवा करावा लागतो.

जुना थर किती जाड आहे हेही एका जागी लहान खड्डा घेऊन बघतात. थर दोनच इंच असेल आणि त्यातला दीड इंच खरवडला, तर खाली पापुद्रा उरतो. यंत्राच्या वजनाने तोही फुटतो.

खरवडायचे कशाला?

कोणी म्हणेल, जुन्यावरच नवा थर घाला की! खरवडण्याचा खर्च कशाला?

घरातल्या भिंतीचे उदाहरण घ्या. भिंतीला पोपडे आले आहेत आणि तुम्ही वरूनच चुना लावला. तो टिकेल का? पोपड्याबरोबर चुनाही गळेल. डांबराचेही तसेच आहे. खालचा थर सुटा आणि तडकलेला असला तर त्याच भेगा नव्या थरातून वर येतात.

दुसरे कारण उंचीचे. दर वेळी दीड-दोन इंचांचा थर चढत गेला, तर वाट घराच्या उंबरठ्याहून उंच होते. मग पावसाचे पाणी कुठे जाणार? घरात! जेवढे खरवडले तेवढेच भरले, तर उंची होती तशी राहते.

काम कसे चालते?

खरवडण्याच्या यंत्राला मोठा लोखंडी रूळ असतो. त्याला कठीण धातूचे दात बसवलेले असतात. ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरसारखा तो फिरतो आणि जुना थर एक ते दोन इंच खोल खरवडतो. दात तापू नयेत आणि धूळ उडू नये म्हणून सारखे पाणी मारतात. ही धूळ साधी नसते. दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली, तर फुप्फुसाचा बरा न होणारा आजार जडतो. म्हणून पाणी बंद ठेवून काम करू नये. निघालेला चुरा फेकून देत नाहीत. त्यात खडीही असते आणि डांबरही. तो नव्या मिश्रणात पुन्हा वापरतात.

मग वाट झाडून लख्ख करतात. खचलेल्या जागा दुरुस्त करतात. नंतर पातळ डांबराचा हात फिरवतात. हे डांबर पाण्यात मिसळलेले असते. मारताना ते तपकिरी दिसते. पाणी उडाले की काळे आणि चिकट होते. यामुळे जुना आणि नवा थर एकजीव होतो. ते काळे होईपर्यंत थांबावेच लागते.

आता गरम मिश्रण येते. ते सुमारे 150 अंश तापलेले असते. दोन इंच जाड थर पसरतात. रूळ फिरवला की तो दबून सुमारे दीड इंच राहतो. इथेच चिक्की आठवा! मिश्रण गरम आहे तोवरच रूळ फिरला पाहिजे. गार झाल्यावर ते दबत नाही. नीट न दबलेल्या थरात पोकळ्या राहतात, पाणी शिरते, आणि थर लवकर उखडतो. वाळवंटात एक सोय अशी की मिश्रण लवकर गार होत नाही. दाबायला वेळ मिळतो.

वाटेला उतारही हवा. दर 50 फुटांना एक फूट उतार दिला की पाणी साचत नाही. उतार घराकडे नसावा, घरापासून दूर असावा.

कामगाराचा जीव

वर सूर्य, पायाखाली दीडशे अंशांची खडी. अशा कामात माणूस उन्हाने मरू शकतो. म्हणून तिथे उन्हाळ्यात पहाटेच काम सुरू करतात. तहान लागण्याची वाट न बघता दर थोड्या वेळाने पाणी प्यावे. मधे मधे सावलीत बसावे. काम करता करता कोणी असंबद्ध बोलू लागला, त्याचा तोल जाऊ लागला, तर तो नुसता थकला असे समजू नका. त्याला सावलीत न्या, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि लगेच डॉक्टरकडे पोचवा.

फसू नका, हिशेब करा

तिथेही लबाड माणसे आहेत. दारात ट्रक घेऊन येतात. म्हणतात, "शेजारच्या कामातले डांबर उरले आहे. आजच्या आज स्वस्तात करून देतो." रोख पैसे घेतात, पातळ थर फासतात आणि पसार होतात. पुढच्या पावसात सगळे उखडते. ॲरिझोनात ठेकेदारांना परवाना देणारे सरकारी खाते आहे. शहाणा मालक आधी परवाना बघतो, आणि थराची जाडी कागदावर लिहून घेतो.

अक्षर आणि अंक येणाऱ्याला फसवणे अवघड असते. हा हिशेब बघा. वाट 18 मीटर लांब आणि 4 मीटर रुंद आहे. म्हणजे 72 चौरस मीटर. दाबलेला थर 4 सेंटिमीटर हवा. म्हणजे 2.88 घनमीटर मिश्रण झाले. एका घनमीटराचे वजन सुमारे 2.3 टन. म्हणून मिश्रण लागेल साडेसहा टनांच्या वर. ठेकेदाराने चारच टन आणले, तर थर कागदावर लिहिला आहे तेवढा होणार नाही. सरळ काम थांबवावे आणि विचारावे.

नंतरची काळजी

नव्या वाटेवर निदान तीन दिवस मोटार नेऊ नये. कडक उन्हाळ्यात आणखी थांबावे. पुढेही काही महिने थर मऊ असतो. गाडी उभी असताना चाके वळवू नयेत. मोटारसायकलच्या स्टँडखाली फळी ठेवावी. सहा महिने ते वर्ष गेले की वरून संरक्षक काळा लेप देतात. तीन-चार वर्षांनी तो पुन्हा देतात. भेग दिसली की लगेच भरतात. भेग भरायला थोडा पैसा लागतो, पाया बांधायला फार.

आपल्या गावात

आपल्याकडे घरोघरी अशा वाटा नाहीत. पण गल्लीतला डांबरी रस्ता आहे. दर दुरुस्तीला थरावर थर चढतो, रस्ता जोत्याच्या वर जातो आणि पावसाळ्यात पाणी घरात शिरते. हे पुष्कळ गावांनी भोगले आहे. म्हणून रस्त्याचे काम निघाले की ग्रामसभेत चार प्रश्न विचारा. जुना थर खरवडणार का? पाया तपासला का? नवा थर किती जाड? पाण्याला उतार कोणीकडे? उत्तरे तोंडी घेऊ नका, लिहून मागा. तो कागद आता तुम्हाला वाचता येतो.