मोर, मयूर आणि ‘पावो’ : एका नामसाम्याचे तीन मार्ग

जयपूरच्या दक्षिण भागातील दुर्गापुरा येथे ‘मोर’ म्हणताना मराठी भाषकाला दुभाष्याची गरज पडत नाही. संस्कृत ‘मयूर’ आणि प्राकृत ‘मोर’ ही जोडी मराठी व राजस्थानी या दोन्ही भाषांना वारशाने लाभली आहे. अशोकाच्या गिरनार येथील पहिल्या शिलालेखात, राजाच्या पाकशाळेसाठी मारल्या जाणाऱ्या प्राण्यांच्या उल्लेखात, ‘मोरा’ हे रूप आढळते. हेच नाव काही शोभिवंत वनस्पतींना आणि एका तारकासमूहालाही आहे. या तिहेरी साम्यावरून समान मिथकाची कल्पना करण्याचा मोह होतो. तथापि नामसाम्य हा समान उगमाचा पुरावा नव्हे.

आकाशातील ‘मयूर’ हा ‘पावो’ या लॅटिन नावाचा अनुवाद होय. केझर आणि दी हौटमन या डच नाविकांच्या निरीक्षणांवरून प्लान्सियसने सोळाव्या शतकाच्या अखेरीस हा समूह कल्पिला, आणि बायरच्या १६०३ च्या नकाशासंग्रहाने तो रूढ केला. टॉलेमीच्या ४८ समूहांत तो नाही. त्यामुळे सवाई जयसिंहाच्या आश्रयाने सम्राट जगन्नाथांनी टॉलेमीचा ग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणला, तेव्हा हा मोर त्यात येणे शक्यच नव्हते. दुर्गापुऱ्याहून या समूहातील सर्वांत तेजस्वी तारा क्षितिजाच्या वर जेमतेम सहा-साडेसहा अंश येतो. त्याचे ‘पीकॉक’ हे नाव तर १९३० च्या दशकात ब्रिटिश वैमानिकांच्या पंचांगासाठी योजले गेले. संस्कृत रूपामुळे मात्र ‘मयूर’ प्राचीन भासतो.

वनस्पतींच्या बाबतीत प्रवास याहून वेगळा आहे. मराठीत जो शंकासूर, त्याला युरोपीय भाषांत ‘मोराचे फूल’ म्हणतात. मराठी नावात पक्षी नाही. ते कोकणातील शिमग्याच्या खेळांत दिसणाऱ्या असुराचेही नाव आहे. उलट मूळच्या मादागास्करच्या गुलमोहोरात लोकांच्या कानांना मोर ऐकू येतो. ‘मोराच्या फुला’ची एक करुण नोंद मारिया सिबिला मेरियनच्या १७०५ च्या सुरीनामविषयक ग्रंथात आहे. आपली संतती गुलाम होऊ नये म्हणून तेथील दास्यातील स्त्रिया या झाडाच्या बियांनी गर्भपात करीत, असे तिने नमूद केले आहे. पुढे उद्यानांतून फिरलेल्या त्या शोभिवंत नावात या वेदनेचा मागमूस उरला नाही.

अशा रीतीने पक्ष्याचे नाव वारशाने, ताऱ्यांचे अनुवादाने आणि फुलाचे वसाहतींच्या व्यापारमार्गाने आले. तौलनिक अभ्यासात नावांचे साम्य हा आरंभबिंदू ठरू शकतो, निष्कर्ष नव्हे. कोणते नाव कोणत्या वाटेने आले आणि त्या वाटेवर काय गळून पडले, हे तपासल्याशिवाय केलेली तुलना केवळ पिसाऱ्याचे वर्णन ठरते.