जुन्या रुळांवरून, कालव्याच्या काठाने

फ्रान्समधला बर्गंडीचा दक्षिण भाग टेकड्यांचा आहे. उतारांवर द्राक्षमळे, माथ्यावर चर्च, मध्ये गुरांची कुरणं. अशा मुलखात झिव्री ते क्ल्युनी हे ४४ किलोमीटर शाळकरी पोरंसुद्धा सामान लादलेल्या सायकलवरून, गिअर फारसा न बदलता पार करतात. वाटभर मागून एकही मोटार हॉर्न देत नाही. हे सुख सायकलवाल्यांसाठी म्हणून कोणी बांधलेलं नाही. ते रेल्वेच्या इंजिनिअरांकडून वारशाने मिळालं आहे. फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून सायकलने हिंडायचं असेल तर आपल्या चाकाखालची वाट पूर्वी काय होती, हे आधी समजून घ्यावं. पुढे चढ येणार की सावली, गाव की बोगदा, याचा अंदाज त्यावरूनच बांधता येतो.

वाफेच्या इंजिनाला चढ सोसत नाही. आपल्या बोरघाटात लोहमार्ग ३७ फुटांना एक फूट चढतो, तर तेवढ्यासाठी गाड्यांना जादा इंजिनं जोडावी लागतात. फ्रान्सच्या ग्रामीण शाखामार्गांवर बहुतेक ठिकाणी चढ याहूनही सौम्य ठेवलेला असे. टेकडी आली की खोदून खिंड करायची, दरी आली की भराव किंवा कमानींचा पूल, आणि वळण घ्यायचं तर लांबलचक. हे मार्ग एवढे पसरले त्यामागे सार्वजनिक बांधकाम मंत्री शार्ल द फ्रेसिने यांची १८७८-७९ ची योजना होती. आडवळणाच्या तालुक्यांपर्यंत रेल्वे न्यायची, असा तिचा हेतू. पुढे बस आणि ट्रक आले, प्रवासी घटले आणि १९३० च्या दशकापासून हे मार्ग एकेक करून बंद पडत गेले. रूळ उचलले, खडी आणि भराव राहिले. त्यांवर काटेरी झुडपं माजली.

झिव्री-क्ल्युनी हा पट्टा १९९७ मध्ये खुला झाला. फ्रान्समधली पहिली ‘व्वा व्हेर्त’, म्हणजे हिरवी वाट, म्हणून याच पट्ट्याकडे बोट दाखवलं जातं. पुढच्याच वर्षी सरकारने सायकलमार्गांचा राष्ट्रीय आराखडा मंजूर केला, आणि २००४ मध्ये या वाटेला वाहतुकीच्या नियमांत स्वतःची व्याख्या मिळाली: मोटार नसलेली वाहनं, पायी चालणारे आणि घोडेस्वार यांच्यासाठी राखलेला रस्ता. चौकोनी निळ्या पाटीवर सायकल आणि माणसांची चित्रं दिसली की ही हद्द सुरू झाली. मोपेड चालत नाही. ताशी २५ किलोमीटरपर्यंतच साथ देणारी विजेची सायकल मात्र कायद्याने सायकलच, त्यामुळे ती चालते. एखादा शेतकरी ट्रॅक्टर घेऊन समोर येऊ शकतो. त्याला स्थानिक परवानगी असते. वाद घालू नये, बाजूला व्हावं.

जमिनीची व्यवस्था मोठी मजेदार आहे. अनेक ठिकाणी पट्टा रेल्वेच्याच मालकीचा राहतो आणि जिल्हा परिषद किंवा गावं त्याचा कारभार करारावर घेतात. उद्या रेल्वे परत आणायची ठरली तर जागा मोकळी असावी, असा हिशोब. रेल्वे कुठे परतताना फारशी दिसत नाही, पण या हिशोबामुळे पट्टा तुकड्यातुकड्यांनी विकला गेला नाही, त्यावर बंगले उठले नाहीत. माझ्या मते या साऱ्या गोष्टीतलं खरं शहाणपण डांबर टाकण्यात नाही, इथे आहे.

जुनी रेल्वे ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. रस्ता आडवा गेला की कोपऱ्यावर एक चिमुकलं दुमजली घर दिसतं. ते फाटकवाल्याचं. कितीतरी घरांच्या भिंतीवर फाटकाचा क्रमांक अजून आहे. तिथेच वाटेवर लाकडी किंवा लोखंडी अडसर लावलेले असतात, मोटारी घुसू नयेत म्हणून. दोन्ही बाजूंना फुगीर पिशव्या असल्या तर तिथे उतरूनच जावं लागतं. खिंडीतून जाताना सावली मिळते, देखावा मिळत नाही. भरावावर त्याच्या उलट. स्टेशनाची इमारत दिसली म्हणजे गाव आलं असं मात्र समजू नये. गाव टेकडीवर आणि स्टेशन खाली दरीत, असं फार वेळा असतं. म्हणजे दिवसभर सपाटीवरून आलेल्या माणसाला संध्याकाळी मुक्कामासाठी दिवसातला एकुलता एक चढ चढावा लागतो.

क्ल्युनीहून माकाँकडे जाताना डोंगर आडवा येतो. रेल्वेने तो पोखरला होता, त्यामुळे आज सायकली ब्वा क्लेरच्या बोगद्यातून जातात. लांबी सुमारे १६०० मीटर. आत दिवे आहेत, पण भर उन्हाळ्यातही इतकं गार असतं की जॅकेट पिशवीच्या तळाशी ठेवू नये. हिवाळ्यात बोगदा बंद, कारण तेव्हा तिथे वटवाघळं झोपतात. त्या काळात टेकडीवरून वळसा घालावा लागतो. वटवाघळांना अग्रक्रम देणारं वेळापत्रक मला तरी पसंत आहे.

आता दुसरा वारसा, कालव्यांचा. इंजिनं येण्यापूर्वी मालाच्या नावा काठावरून घोडे ओढत. त्या घोड्यांसाठी पाण्याला लागून सलग वाट ठेवलेली असे. कालव्याचं पाणी सपाट, म्हणून वाटही सपाट. पातळी बदलते ती फक्त जलपाशापाशी, म्हणजे नावा वरखाली करणाऱ्या दरवाजांच्या हौदापाशी. तिथे दोन-चार मीटरचा छोटा उंचवटा येतो, तेवढाच काय तो चढ. पुलाखालून जाताना वाट आक्रसते आणि कमानीपलीकडचं दिसत नाही. तिथे घंटी वाजवावी.

तुलूझ शहर या बाबतीत चांगली शाळा आहे, कारण तिथे दोन कालवे मिळतात आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा. वायव्येला जातो तो गारोन कालवा, १९३ किलोमीटरचा, एकोणिसाव्या शतकात बांधलेला. त्याच्या काठाची वाट जवळजवळ सगळी डांबरी आहे. आझां गावापाशी तर कालवाच तेवीस कमानींच्या पुलावरून गारोन नदी ओलांडतो. खाली नदी, वर नावा आणि त्यांच्या शेजारून आपण.

आग्नेयेला जातो तो कॅनाल द्यू मिदी. पिएर-पॉल रिके यांनी १६६६ मध्ये तो हाती घेतला आणि १६८१ मध्ये, ते गेल्यानंतर थोड्याच महिन्यांत, तो पुरा झाला. लांबी सुमारे २४० किलोमीटर. मधला सर्वात उंच भाग नोरूझचा. तिथून पाणी एकीकडे अटलांटिककडे आणि दुसरीकडे भूमध्य समुद्राकडे उतरतं. उंचावरच्या कालव्याला पाणी आणायचं कुठून, हा खरा पेच होता. रिके यांनी माँताञ न्वार डोंगरातले ओढे अडवून, पाटाने वळवून ते नोरूझला आणलं. जलपाशाच्या घरांवर पुढचा आणि मागचा जलपाश किती अंतरावर आहे हे लिहिलेल्या पाट्या आहेत. नावाड्यांसाठी लावलेल्या, आज सायकलवाल्यांच्या कामी येणाऱ्या.

पण हे सौंदर्य चाकांना जाचतं. तुलूझपासून साधारण ५० किलोमीटर डांबर, जिल्ह्याची हद्द ओलांडली की बरीचशी माती, खडी आणि चिनारसारख्या प्लेन झाडांची वर आलेली मुळं. पाऊस झाला तर चिखल. इथे ३५ मिलिमीटरपेक्षा बारीक टायर नेणं म्हणजे स्वतःच्या मणक्यांशी वैर. सावलीचीही खात्री नाही. कालव्याकाठच्या सुमारे ४२,००० प्लेन झाडांना २००६ पासून एका बुरशीने ग्रासलं. रोगट झाडं तोडून जाळावी लागली, म्हणून मध्येच मैलभर उघडाबोडका काठ लागतो. शिवाय वारा. सपाट वाटेवर डोंगराचं काम वारा करतो. या भागात तो पूर्वेकडून तरी येतो नाहीतर पश्चिमेकडून, आणि दोन्ही वेळा मनापासून.

हिरव्या वाटा एकमेकींना सगळीकडे जोडलेल्या नाहीत. मधली खिंडारं मोटारी कमी असलेल्या गावरस्त्यांनी भरली आहेत. दोन्ही मिळून जो लांब मार्ग होतो त्याला ‘व्हेलोरूत’ म्हणतात आणि हिरव्या-पांढऱ्या पाट्या, सायकलचं चित्र व क्रमांक त्याची दिशा सांगतात. म्हणून जाहिरातीत ‘सायकलमार्ग’ वाचून सगळंच मोटारमुक्त आहे असं धरू नये. गारोन कालवा कास्ते-आं-दोर्तला संपतो. बोर्दोकडे जाणाऱ्याला तिथून द्राक्षमळ्यांच्या चढउतारांचे गावरस्ते घेऊन सोवतेरला पोचावं लागतं. तिथे पुन्हा जुनी रेल्वे भेटते. या वाटेला १९३७ ची टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या रोझे लापेबींचं नाव आहे. ब्रिटनीत नांत-ब्रेस्त कालव्यावर वेगळीच गंमत. गेर्लेदांचं धरण १९३० मध्ये झालं आणि १७ जलपाश पाण्याखाली गेले. तेवढ्यापुरता सायकलमार्ग कालवा सोडतो आणि जवळच्या जुन्या रेल्वेचा आधार घेतो.

गावरस्त्यांवर एक नियम अंगवळणी पाडावा. पाटी नसेल तर चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो कितीही बारक्या गल्लीतून येवो.

पोटाचं नियोजन मात्र पायांच्या नियोजनापेक्षा अवघड. खेड्यातली दुकानं दुपारी दोन तास तरी बंद, रविवारी दुपारनंतर बंद आणि सोमवारी तर पुष्कळदा दिवसभर. पावाचं दुकान सकाळी दिसलं की घेऊन टाकावं, पुढच्या गावाच्या भरवशावर राहू नये. शाकाहारी माणसाचं पाव, चीज, टोमॅटो आणि फळांवर उत्तम भागतं, हॉटेलात त्याचे हाल होतात. पाणी संपलं तर दफनभूमी शोधावी. फुलांसाठी तिथे नळ असतोच. फक्त ‘नों पोताब्ल’ अशी पाटी असेल तर ते पिऊ नये. मुक्कामाला नगरपालिकेची तंबूची मैदानं स्वस्त पडतात. ‘आक्कय व्हेलो’ची, म्हणजे ‘सायकलस्वारांचं स्वागत’ अशी, पाटी असलेली घरं आणि हॉटेलं मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत असतात, आणि सायकल कुलपात ठेवायची सोय तिथे असावीच लागते.

पहिल्यांदा जाणाऱ्याने गारोन कालवा धरावा. बोर्दो-तुलूझ रेल्वे मोठा टप्पा त्याला समांतर धावते. आझां, म्वासाक, मोंतोबां, कुठेही पाय थकले तर स्टेशन जवळ. स्थानिक ‘टेर’ गाड्यांत सायकल बहुधा फुकट जाते, जागा असेल तर. उन्हाळ्याच्या शनिवार-रविवारी ती असतेच असं नाही. वेगवान टीजीव्हीत सायकलसाठी आरक्षण लागतं. ते न मिळाल्यास सायकल सुटी करून १३० बाय ९० सेंटिमीटरच्या पिशवीत घालायची, मग ती सामान म्हणून चालते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे फलाटावर नव्हे, घरीच करून पाहावं.