पायाळूचा पाय

मी पायाळू. जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आलेला. आमच्या दिंद्रुडला (ता. माजलगाव, जि. बीड) कुणाच्या कमरेत उसण भरली की पायाळू माणसाला बोलावतात. त्याने पाय लावला की उसण जाते, अशी समजूत. माझ्या लहानपणी उन्हाळ्याच्या तोंडाशी ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतल्या की आमच्या ओसरीवर बाया येत. मी पाय लावायचा आणि त्या “मोकळं वाटलं बाबा” म्हणत उठायच्या. पुढे जीवशास्त्राचा शिक्षक झालो, तेव्हा हे मोकळं वाटणं नेमकं काय असतं, ते शोधावंसं वाटलं.

माझ्या पायाचा एक भाऊबंद अमेरिकेत सापडला. १८ सप्टेंबर १८९५ रोजी डेव्हनपोर्ट शहरात डॅनियल डेव्हिड पामर यांनी हार्वी लिलार्ड या बहिऱ्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागल्याचे जाहीर केले. त्यातून ‘कायरोप्रॅक्टिक’ हा उपचारपंथ निघाला. मणका हलला की मज्जातंतू दबतात आणि बहुतेक रोग त्यातूनच होतात, हा पामर यांचा सिद्धांत. तो टिकला नाही. ऐकण्याचा मज्जातंतू तर कानातून थेट मेंदूत जातो, पाठीच्या कण्यातून जातच नाही. मात्र कंबरदुखीला मणक्यांच्या हाताळणीने थोडा उतार पडतो. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ साली औषधाविना करायच्या उपायांत तिला जागा दिली. मानेला झटका देणे मात्र धोक्याचे. क्वचित रक्तवाहिनी फाटून पक्षाघातही होतो. आणि मणके बसवून मनावरचा जुना ताण जातो, या दाव्याला भक्कम पुरावा नाही.

ताण मणक्यात नसतोच. संकट दिसले की मेंदूतला हायपोथॅलॅमस इशारा देतो. अनुकंपी मज्जासंस्था जागी होते, अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात उतरते, काळीज धडधडते, पाठीचे स्नायू आवळतात. पाठोपाठ कॉर्टिसॉल साखर वाढवून शरीराला इंधन पुरवते. संकट टळले की परानुकंपी मज्जासंस्था सगळे शांत करते. साप दिसला आणि निघून गेला, तर ही व्यवस्था उत्तम. पण संकट सहा महिने हटलेच नाही तर? झोप तुटते, स्नायू आवळलेलेच राहतात, वेदना वाहणाऱ्या वाटा हळव्या होतात. मग थोडे दुखणेही फार दुखते.

ऊसतोडीचे दिवस असेच असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. पहाटे अंधारात उठून फडात जायचे, डोक्यावर मोळ्या वाहायच्या, रात्री-अपरात्री गाडी आली की भरायची. एक दिवस पडून राहिले की खाडा, म्हणजे पैशांची कपात.

हे सारे जुळवले तेव्हा माझ्या पायाचे रहस्य उलगडले. त्या बाया माझ्याकडे यायच्या तेव्हा हंगाम संपलेला असे. मोळी उतरलेली, रात्रीची झोप पुरी, माणसे आपली. ताजी उसण तर बहुधा काही दिवसांत, आठवड्यांत आपोआपच उतरते. घरी परतण्याने जे साधले, त्याचे श्रेय माझ्या पायाला मिळाले. आपल्या माणसाच्या स्पर्शाने धीर वाटला असेल, तेवढा वाटा माझा.

यंदा दिवाळीच्या तोंडावर शेजारची भावजय आली. उचल घेतलेली, चार दिवसांत निघायचे. “भावजी, पाय लावा.” मी लावला. तिला काही मोकळे वाटले नाही. पायाला मुंग्या येतात का, लघवीला अडते का, विचारले. तसे झाले तर लगेच दवाखाना गाठ, म्हणालो. तसे काही नव्हते. “मग वजन उचलू नको थोडे दिवस. विसावा घे.”

ती उठता उठता म्हणाली, “घेते की. खाडा तुम्ही भरता का?”