बी पडलंय का, हे कसं कळतं?

जठराचा कॅन्सर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गाठ येते. आज आम्ही त्या गाठीतून पडणाऱ्या बियांबद्दल सांगणार आहोत.

बांधावरचं गाजरगवत आठवा. फुलावर आलेलं झाड उपटलं, बांध स्वच्छ दिसला, तरी बी मातीत पडलेलं असतंच. जठराचा कॅन्सर आतल्या अस्तरात सुरू होतो. भिंत पोखरत तो बाहेरच्या थरापर्यंत पोचला, की त्याच्या पेशी सुटून पोटाच्या पोकळीत पडू शकतात. त्या इतक्या बारीक असतात, की सिटी स्कॅनमध्ये दिसत नाहीत. म्हणून काही रुग्णांच्या बाबतीत डॉक्टर मोठ्या ऑपरेशनआधी दुर्बीण घालून पोकळी पाहतात, ती सलाइननं धुतात आणि ते धुवण सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. त्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या तर आजार चौथ्या टप्प्याचा धरतात. मग लगेच ऑपरेशन न करता बहुधा आधी केमोथेरपी देतात.

पण पेशी मोजक्याच असल्या तर नजरेतून सुटतात. तिथे रेणूंच्या खुणा कामाला येतात. सीईए नावाचं एक प्रथिन 1965 साली कॅनडातल्या संशोधकांनी शोधलं. कॅन्सरच्या अनेक पेशी ते बनवतात आणि त्यासाठी पेशीच्या आत आधी एक निरोप तयार होतो. तो निरोप धुवणात आहे का, हे आरटीपीसीआरनं शोधता येतं. होय, कोरोनात नाकात काडी घालून केलेली तीच तपासणी! जरासा निरोप असला तरी ती त्याच्या लाखो प्रती करते, म्हणून तो पकडता येतो.

जपानी डॉक्टरांनी यावर बरंच काम केलं. सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसलेल्या धुवणातही ही खूण मिळाली, तर आजार उलटण्याचा धोका जास्त असतो, असं त्यांना आढळलं. मात्र कधी कधी निरोगी पेशींमुळेही खूण उमटते. म्हणून ही तपासणी अजून सगळीकडे रुळलेली नाही.

आता आपल्या कामाचं. रक्तातलं सीईए तपासून जठराचा कॅन्सर नाही, असं ठरवता येत नाही. सुरुवातीला ते अनेकदा नॉर्मलच येतं, आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत कॅन्सर नसतानाही वाढलेलं असू शकतं. पक्कं निदान होतं ते एंडोस्कोपी करून आणि तुकडा तपासूनच.

आपण बायका सगळ्यांच्या मागून जेवतो आणि दुखणं 'पित्त असेल' म्हणून गोळीवर काढतो. वजन उतरत असेल, दोन घासांत पोट भरत असेल, घास अडकत असेल, उलटी थांबत नसेल किंवा शौचाला डांबरासारखी काळी होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, म्हणून त्या घेत असाल तर तेही सांगा.

बी पडण्याआधी रोप दिसलं, तर उपटणं सोपं जातं. गटातली एखादी मैत्रीण महिनाभर पित्ताच्या गोळ्या खात असेल, तर या आठवड्यात तिच्यासोबत दवाखान्यात जा.