एकाच्या श्वासाला दुसऱ्याचा आधार

वसईतल्या धर्मग्रामांत, म्हणजे पॅरिशांत, आठवड्यातली एक संध्याकाळ कॉयरच्या सरावाची असते आणि तिची वेळ ठरते विरार लोकलवर. चर्चगेटहून सुटलेली माणसं वसई रोडला उतरून, रिक्षा पकडून, ऑफिसची बॅग खांद्यावरच ठेवून चर्चच्या हॉलमध्ये शिरतात. वाडीत राबणारी मंडळी हातपाय धुऊन त्यांच्या आधीच आलेली असतात. हार्मोनियमचा भाता उघडतो, तबलजी हातोडीने गजऱ्याला ठोकून सूर लावतो आणि मास्तर मान वर करून पहिला प्रश्न विचारतात, "आज कोण नाही?" हा प्रश्न प्रेमापोटीच विचारला जातो असं नाही. खालच्या पट्टीत गाणारे पुरुष चार असतील आणि त्यातले दोघं आले नसतील, तर नाताळसाठी बसवत असलेल्या गाण्याचा पायाच लंगडा होतो. त्यामुळे कारण कळणं भाग असतं. उत्तरं येतात: एकीची सासू बाथरूममध्ये पडली, एकाला नाइट शिफ्ट लागली, एकाचा फोनच लागत नाही. सराव संपताना सासूला बघायला कोण जाणार हे ठरलेलं असतं आणि फोन न लागणाऱ्याच्या घरावरून जाणारा कोणीतरी सापडलेला असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की, चर्चच्या गायकवृंदातला आपलेपणा हा गाण्याच्या जोडीने आपोआप उगवलेला गुण नसून तो सामूहिक गाण्याच्या तंत्रातच गुंतलेला आहे. त्या तंत्राला पर्याय शोधताना आपण नेमकं काय मोडतो आहोत, याचा विचार धर्मग्रामांनी करायला हवा.

तंत्र म्हणजे काय, हे श्वासापासून पाहावं लागतं. उपासनेतल्या गाण्यांच्या ओळी पुष्कळदा लांब असतात. एकट्या गायकाला अशी ओळ तोडावीच लागते. वीस जणांना ती तोडावी लागत नाही, पण एका अटीवर: सगळ्यांनी एकाच जागी श्वास घ्यायचा नाही. म्हणून मास्तर शेजारी बसलेल्या दोघींना वेगवेगळी अक्षरं नेमून देतात. पहिलीने दुसऱ्या शब्दानंतर श्वास घ्यायचा, तेवढ्यात दुसरीने आवाज किंचित वाढवून जागा भरायची. पुढच्या शब्दाला उलट. बाहेर बसलेल्याला सलग, न तुटणारी ओळ ऐकू येते. हे साधायचं तर शेजारणीचा श्वास कुठे संपतो हे कानाला माहीत असावं लागतं. तिला सर्दी झाली असेल, दम्याने उचल खाल्ली असेल, रात्रभर आजारी मुलाजवळ जागून ती आली असेल, तर तिची ओळ नेहमीपेक्षा आधी तुटते आणि हे पहिल्यांदा कळतं ते शेजारी बसलेलीला. तिने तोंडाने काही सांगण्याआधी कळतं. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठात ब्यॉर्न विकहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अठरा वर्षांच्या काही मुलामुलींना त्यांनी एकत्र गायला लावलं आणि त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. गाण्याच्या ओळी श्वासाची लय ठरवतात, त्या लयीबरोबर ठोक्यांचा वेग वरखाली होतो आणि एकत्र गाणाऱ्यांच्या बाबतीत हा चढउतार बरोबरीने होतो, असं त्यांना दिसलं. त्या प्रयोगात मुलांनी गायलेल्या रचनांपैकी एक चर्चमधलं स्तोत्र होतं. एवढ्यावरून सगळ्यांची मनं जुळली असं म्हणणं उतावळेपणाचं होईल. शरीरं एकमेकांची दखल घेऊ लागतात, इतकं मात्र यातून निश्चित म्हणता येतं, आणि माझ्या मुद्द्याला तेवढं पुरतं.

या तंत्राची खरी परीक्षा गुड फ्रायडेला होते. कॅथलिक विधीनुसार पवित्र गुरुवारच्या मिस्सेतल्या ग्लोरिया या स्तुतिगीतानंतर, ईस्टरच्या जागरणातला ग्लोरिया येईपर्यंत, वाद्यं फक्त गाण्याला आधार देण्यापुरतीच वाजवता येतात. अनेक चर्चमध्ये तर ती या काळात पूर्ण बंदच ठेवतात. शुक्रवारी दुपारी क्रुसाची वंदना सुरू होते आणि माणसांची रांग दारापलीकडे अंगणात पोहोचते. रांग संपेपर्यंत गाणं थांबवायचं नसतं. हार्मोनियम नाही, तबला नाही, कीबोर्ड नाही. उपवासाने घसे कोरडे पडलेले असतात, उकाडा असतो. कडव्यागणिक सूर केसभर खाली घसरतो आणि पाचव्या-सहाव्या कडव्याला खालच्या आवाजाच्या पुरुषांना तळच सापडत नाही. अशा वेळी गायकवृंदाची रचना उघडी दिसते. एक-दोन माणसं सुराला पक्की असतात आणि ती बहुधा सर्वांत गोड आवाजाची नसतात. दोन कडव्यांच्या मध्ये ती ओठ मिटून षड्ज धरून ठेवतात, बाकीचे त्यावर टेकतात. शिवाय गाणाऱ्यांनाही क्रुसापुढे जायचं असतं, म्हणून तीन-तीन जण रांगेत जातात आणि तेवढा वेळ उरलेल्यांनी त्यांचा आवाज भरून काढायचा असतो. कोण कधी उठणार, हे डोळ्यांनी ठरतं. सुराचा पक्का माणूस उठला की दुसऱ्या कोणीतरी षड्ज हाती घ्यावा लागतो, आणि तो दुसरा माणूस वर्षभरात तयार करून ठेवावा लागतो. तो तयार होतो साध्या आठवड्याच्या सरावात, जेव्हा हार्मोनियम मुद्दाम बंद करून मास्तर म्हणतात, "आता नुसतं गळ्याने." ऐनवेळी हे जमत नाही.

महाराष्ट्राच्या ख्रिस्ती उपासनेला गाण्याचे दोन वारसे मिळाले आहेत, आणि आधार देण्याची रीत दोन्हींत निराळी आहे. एक युरोपातून गोव्यामार्गे आलेला. पोर्तुगीज काळापासून गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मेस्त नावाचा शिक्षक मुलांना पाश्चात्त्य स्वरवाचन आणि व्हायोलिन शिकवायचा. पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत बसलेल्या कितीतरी गोव्याच्या वादकांचं मूळ शिक्षण तिथलंच. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यातलं ठळक नाव. त्यांचे वडील चर्चचे कॉयरमास्टर होते. या परंपरेत प्रत्येकाला आपापला आवाज नेमून दिलेला असतो आणि सगळ्यांचे आवाज एकमेकांवर उभे राहतात. दुसरा वारसा इथल्या मातीतला. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्ये राशोलला छापलेलं 'ख्रिस्तपुराण' ओवीत आहे, आणि ओवी चारचौघांत बसून म्हणता येते. पुढे नगरच्या मराठी मिशनच्या मंडळीत रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन उपासनेत रुजवलं. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, मृत्यू 1919 चा. त्यांची गीतं 'उपासना संगीत' या पुस्तकातून आजही रविवारी म्हटली जातात. भजनात आवाजांची वाटणी नसते. पुढचा ओळ टाकतो, मागचे ती झेलतात. ज्याला वाचता येत नाही त्यालाही दुसऱ्या वेळी ओळ तोंडात येते, ज्याला सूर लागत नाही त्याच्या हातात टाळ असतो. नवख्याला सामावून घेण्याची इतकी सोपी व्यवस्था मला दुसरी माहीत नाही. टिळकांची काव्यप्रतिभा मोठी होतीच, पण मंडळीच्या दृष्टीने त्यांचं अधिक मोठं काम हे की, निरक्षर माणसाला गायकांच्या रांगेत जागा मिळेल असा साचा त्यांनी निवडला.

अर्थात, एका सुरात गाणारे एका पंगतीला बसतातच असं नाही. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र वाचताना जातीची शिवाशीव मनातून सुटायला किती काळ लागला, हे त्यांच्याच प्रांजळ शब्दांत कळतं. बाप्तिस्म्याने किंवा भजनाने ती एका दिवसात गेली नाही, आणि मराठी ख्रिस्ती समाजातून ती पुरती गेली आहे असं आजही छातीठोकपणे कोणी म्हणू नये. गायकवृंद समाजातले भेद पुसून टाकतो असा दावा मी करत नाही. माझा दावा लहान आहे. ज्याच्या श्वासावर आपली ओळ उभी आहे, त्याची विचारपूस करण्याची सवय इथे लागते. आणि सवय लागलेली माणसं संकटात लवकर धावून येतात.

हे दिसतं मयतीच्या वेळी. लग्नाच्या गाण्यांना महिना-दोन महिने मिळतात, मयतीला मिळतात काही तास. दुपारी फोन येतो, संध्याकाळी मिस्सा आणि दफन. कामाच्या दिवशी सगळे येऊ शकत नाहीत, म्हणून निवृत्त मंडळी, गृहिणी, जवळ नोकरी करणारे असे सहा-सात जण जमतात आणि सराव न करता गातात. सराव नसतानाही ते गाणं उभं राहतं, कारण ही गीतं सगळ्यांच्या तोंडात असतात. गायकवृंदातल्याच कोणाच्या घरी मृत्यू झाला तर त्याची जागा मोकळी राहते. तो त्या दिवशी पुढच्या बाकावर घरच्यांत बसतो आणि एरवी तो जसा इतरांसाठी गातो, तसे बाकीचे त्याच्यासाठी गातात. नंतरचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. महिनाभराने तो सरावाला परततो. त्याच्या हातात गाण्याचा कागद देतात, "तिसरं कडवं बदललंय" एवढंच सांगतात. सांत्वनाचे शब्द सुचत नाहीत तेव्हा माणसं भेटणंच टाळतात. इथे भेटण्याला काम असतं, म्हणून ते टळत नाही. दुःखात असलेल्या माणसाला कोणाची तरी गरज असते हे सगळेच सांगतात, पण कोणाला तरी आपली गरज आहे हेही त्याला कळावं लागतं. खालच्या आवाजात माणूस कमी आहे, ये, या बोलावण्यात ते दोन्ही असतं.

यावर पहिला आक्षेप असा की, ही कामं करायला चर्चमध्ये दुसऱ्या संस्था आहेत. संत विन्सेंट डी पॉल सोसायटी गरजू घरांना मदत करते, वाडीवाडीतले लहान ख्रिस्ती समूह एकमेकांच्या घरी जमून प्रार्थना करतात; मग गायकवृंदाचं एवढं कौतुक कशाला? आक्षेपात तथ्य आहे आणि त्याला संशोधनाचाही थोडा पाठिंबा आहे. ऑक्सफर्डच्या आयलुनेड पिअर्स, रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये नव्याने सुरू झालेल्या प्रौढांच्या वर्गांची तुलना केली होती: काही वर्ग गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही सर्जनशील लेखनाचे. सात महिन्यांनी तिन्ही प्रकारच्या वर्गांत आपुलकी जवळजवळ सारखीच होती. फरक होता तो सुरुवातीला: गाणाऱ्यांची जवळीक फार लवकर झाली. माझ्या मते यातून गायकवृंदाचं नेमकं स्थान कळतं. मदत करणाऱ्या मंडळात देणारा आणि घेणारा वेगळे असतात, घेणाऱ्याला संकोच वाटतो. गायकवृंदात आज ज्याचा आवाज बसला आहे तो उद्या दुसऱ्याची ओळ सावरतो. शिवाय नोकरीसाठी नालासोपाऱ्यात भाड्याने राहायला आलेलं नवं कुटुंब वाडीच्या समूहात रुळायला वर्ष घेतं. त्यातल्या मुलीला कॉयरमध्ये बसवलं तर दोन-तीन सरावांत तिला नावाने हाका मारणारी दहा माणसं मिळतात. पहिले काही महिने एकटेपणाचे असतात, आणि गाण्याचा वेग उपयोगी पडतो तो तेव्हाच.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो चर्चच्या आतूनच येतो. कॉयर जितकी चांगली, तितकी बाकांवरची माणसं गप्प. अवघड चाली, चढ्या पट्ट्या, माइक फक्त गायकांपुढे. भाविक श्रोते होऊन बसतात. त्यात वर्षानुवर्षं तीच घरं, तेच एकल गायक, नव्याला मागची रांग. हे घडतं, आणि घडतं तिथे ते चूकच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी जाहीर केलेल्या उपासनाविषयक संविधानात गायकवृंद जोपासा असं म्हटलं आहे, आणि त्याच परिच्छेदात सगळ्या समुदायाला आपला वाटा उचलता आला पाहिजे असंही बजावलं आहे. गायकवृंदाचं काम जमलेल्यांचा आवाज उचलणं हे आहे. पण या दोषावर उपाय म्हणून गायकवृंद मोडावा, हे मला पटत नाही. उपाय सरावातच आहे: प्रतिसाद स्तोत्राची चाल साधी ठेवा, पट्टी एका सुराने उतरवा, मिस्सेआधी पाच मिनिटं लोकांना ओळ शिकवा, एकल कडवं आळीपाळीने द्या. आणि ज्यांचे आवाज वयाने थकले आहेत त्यांना घरी पाठवू नका. सत्तरीतल्या बाईला वरचा सूर झेपत नसेल तर तिला खालच्या आवाजात बसवता येतं. जुन्या चाली तिलाच पाठ असतात आणि वह्या तिच्याकडेच असतात.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून कोणी मांडत नाही; ती हळूहळू घडते आहे. मुलं शिकायला, नोकरीला कॅनडात, आखातात, बंगळुरूत जातात. सरावाला माणसं पुरत नाहीत. मग पेनड्राइव्हवर तयार ट्रॅक येतो, मोठ्या सणाला पैसे देऊन वादक बोलावले जातात, पडद्यावर शब्द दिसतात. आवाज आधीपेक्षा भरदार येतो आणि कोणाची तक्रार राहत नाही. वाद्यांच्या आधुनिकतेशी माझं भांडण नाही. टाळ-मृदंग उपासनेत आला तेव्हा तोही नवाच होता. ट्रॅकची अडचण वेगळी आहे. तो कोणासाठी थांबत नाही. सर्दी झालेलीचा श्वास तुटला तरी तो पुढे जातो, दोघं गैरहजर असले तरी त्याचं काही अडत नाही, म्हणून "आज कोण नाही?" हे विचारण्याची गरजही उरत नाही. ज्या धर्मग्रामांत सहाच गायक उरले आहेत, तिथल्या धर्मग्राम समितीने नव्या स्पीकरसाठी निधी मंजूर करण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. संध्याकाळी साडेआठनंतर हॉलची किल्ली कोणाकडे असते, आणि दहावी झालेल्या दोन मुलांना हार्मोनियम शिकवायला कोण तयार आहे. सहा जणांचा साप्ताहिक सराव या दोन गोष्टींवर चालू राहतो, आणि सातवा माणूस आला तर त्याला बसायला जागा असते.